वेदनाहीन पाय आणि दवाखान्याचे भय : वऱ्हाडातील रुग्णानुभवाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मधुमेही माणसाच्या पायाला जखम होणे आणि त्याने रुग्णालयाची पायरी चढणे, या दोन घटनांच्या दरम्यान जो काळ जातो तो प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वैद्यकशास्त्र या काळाला 'विलंब' म्हणते आणि पुढे जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्या विलंबाच्या आत डोकावणे अगत्याचे वाटते. कारण तेथे माणूस स्वस्थ बसलेला नसतो. तो घाबरलेला असतो. रात्री जागतो, पायाकडे पाहणे टाळतो, घरच्यांपासून फडके लपवतो आणि उद्या जाऊ असे रोज ठरवतो.

या प्रश्नाचा आवाका लहान नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे आहे. मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्के व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी पायाचा व्रण होतो, असा जागतिक पातळीवरील तज्ज्ञांचा अंदाज आहे. वऱ्हाडासारख्या शेतीप्रधान प्रदेशात त्याला आणखी काही कारणे येऊन मिळतात. पऱ्हाटीचे खुंट, तुरीची धसकटे, बोरी-बाभळीचे काटे यांतून अनवाणी किंवा साध्या चपलेवर चालणे, आणि ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात तापलेली जमीन. बधिर तळव्याला फोड येतो तो पुष्कळदा या जमिनीमुळेच.

अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील गावी हा विषय काढला की एक वाक्य हमखास कानी येते : "दवाखान्यात नेलं त पाय कापतीन." या वाक्याला अज्ञान म्हणून बाजूस सारण्याची सुशिक्षितांची, आपल्या महाविद्यालयीन वर्तुळाचीही, रीत आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. हे भय अनुभवातून घडलेले आहे आणि त्याला इतिहास आहे. शिवाय त्यात एक विलक्षण पेच आहे. एरवी दवाखान्याचे भय वेदना मोडून काढते. दाढ ठणकू लागली, पोटात कळ आली, की भित्रा माणूसही उठतो. मधुमेहाने बधिर झालेल्या पायात ती वेदनाच नसते, त्यामुळे भयाला कोणी प्रतिस्पर्धी उरत नाही. हा पेच वऱ्हाडाला नवा नाही. मधुमेह खेडोपाडी पोचण्यापूर्वी कुष्ठरोगाच्या रूपाने तो येथे येऊन गेला होता, आणि त्यावर काही उत्तरेही येथेच शोधली गेली होती.

भयाची घडण

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. कापसाच्या व्यापारामुळे प्रदेशाला महत्त्व आले आणि १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचला. पाश्चात्त्य पद्धतीचे दवाखाने या नव्या व्यवस्थेबरोबरच आले. अमरावतीचे इर्विन, तेथीलच डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग ही नावे पाहिली तरी संस्थांचे उगमस्थान कळते. ती व्हाइसरॉयांची आणि त्यांच्या पत्नींची नावे आहेत. लोकांनी ती सोपी करून घेतली आणि अजूनही म्हातारी माणसे 'इर्विनला नेलं', 'डफरीनमध्ये झाला' असे बोलतात. परंतु नाव तोंडी रुळणे आणि संस्था आपली वाटणे यांत अंतर असते.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरीन फंडामागील विचारच असा होता की, पुरुष डॉक्टरांसमोर स्त्रिया येत नाहीत, तर त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर आणि स्वतंत्र रुग्णालये हवीत. म्हणजे रुग्णाचा संकोच ही रुग्णाची चूक न मानता संस्थेनेच आपले रूप बदलावे, हे तत्त्व त्या परक्या राजवटीलाही एका मर्यादेत उमगले होते. ही मर्यादा स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेपुरतीच राहिली.

इतर बाबतींत अनुभव उलट होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ चा साथरोग कायदा झाला. पुण्यात घरांची झडती, रुग्णांना बळाने विलगीकरणाच्या छावणीत नेणे आणि त्यातून जून १८९७ मध्ये झालेला रँडचा वध हा इतिहास आपल्या वाचकांना ज्ञात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेगने वऱ्हाडातही थैमान घातले. त्याच सुमारास, १८९८ मध्ये, निराधार कुष्ठरुग्णांना पकडून कोंडून ठेवण्याची मुभा देणारा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात झाला होता. वऱ्हाड कायद्याने निजामाचे असल्यामुळे तेथे ब्रिटिश कायदे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. भयाला अशा आदेशाची गरज नसते. आजाऱ्याला सरकार घेऊन जाते आणि नेलेला माणूस परत येईलच असे नाही, हा धडा त्या पिढीने घेतला.

याला अंतराची जोड मिळाली. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वऱ्हाडातील रुग्णाला दीर्घकाळ प्रदेशाबाहेर जावे लागे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मृत्यर्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९८४ मध्ये आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये. अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२४ साल उजाडले. अकोल्याहून नागपूर सुमारे २५० किलोमीटर. एवढा प्रवास, त्यासाठी काढलेले कर्ज, आणि घरची कामे सोडून जाणारा एक धडधाकट माणूस, ही किंमत अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी मोजत नसे. साहजिकच रुग्ण उशिरा पोचे. उशिरा पोचलेला पाय वाचवता येत नसे. पाय गेलेला माणूस, किंवा त्याचे शव, गावी परत येई आणि साऱ्या गावाला एकच निष्कर्ष मिळे. तो निष्कर्ष पुढच्या रुग्णाला आणखी उशीर करायला लावी. या चक्रात कोणाचेही तर्कशास्त्र चुकलेले नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलेच खरे मानले.

न दुखणारा पाय

मधुमेह आणि पायाचे व्रण यांचा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत प्रमेहपिडकांचा स्वतंत्र विचार आहे आणि मधुमेहींच्या पिडका शरीराच्या खालच्या भागात उठतात असे निरीक्षण चिकित्सास्थानात नोंदलेले आहे. आधुनिक काळात १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला टोचले गेले. त्यानंतर मधुमेही दीर्घकाळ जगू लागले आणि मग त्यांच्या पायांचा प्रश्न पुढे आला. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९३४ मध्ये मधुमेही गँगरीनवर जो लेख लिहिला, त्याचा रोख असा होता की हे संकट बव्हंशी टाळता येण्याजोगे आहे.

तथापि, पाय का सडतो याचा उलगडा होण्यास भारतातील कुष्ठरुग्णांचे मोठे साहाय्य झाले, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. तमिळ प्रदेशात जन्मलेले इंग्रज शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, ही तोवरची समजूत. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले ते निराळेच. मज्जातंतू निकामी झाल्याने वेदना नाहीशी होते. मग माणूस तापलेले भांडे उचलतो, खिळा रुतलेल्या पायाने चालत राहतो, आणि रात्री उंदराने बोट कुरतडले तरी त्याला जाग येत नाही. अवयव जातात ते न जाणवलेल्या जखमांनी आणि त्यांतील जंतुसंसर्गाने. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुईझियानातील कारव्हिल येथे गेले आणि मधुमेहींच्या पायांतही त्यांना तीच कथा आढळली. भारतात कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या व्रणांसाठी वापरले जाणारे प्लास्टर आणि मऊ तळाची पादत्राणे यांचे ज्ञान त्या मार्गाने मधुमेहींपर्यंत पोचले. आज आपल्याकडील मधुमेही जी मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल वापरतो, तिची वंशावळ कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतून येते.

या वैद्यकीय माहितीचा भयाशी थेट संबंध आहे. रुग्ण म्हणतो, "दुखत त नाई, मंग काहाले जाऊ?" हे वाक्य त्याच्या भयाला आधार देते, आणि भय या वाक्याला धरून बसते. त्यातच चिंतेने शरीरात जी संप्रेरके वाढतात त्यांनी रक्तातील साखर आणखी चढते आणि वाढलेली साखर जंतुसंसर्गाला अनुकूल ठरते. पायाची त्वचा लाल व गरम होणे, सूज चढणे, दुर्गंधी किंवा काळेपणा येणे, ताप भरणे, यांपैकी काही दिसले तर हिशेब दिवसांचा न राहता तासांचा होतो. नेमक्या त्याच तासांत माणूस भीतीने जखडलेला असतो.

तपोवन : भयाला दिलेले एक उत्तर

वऱ्हाडात कुष्ठरुग्णांसाठी मिशनऱ्यांनी ब्रिटिश अमदानीत अचलपूरजवळ कोठारा येथे काम उभे केले. परंतु या प्रदेशातील माणसांनी आपल्या हातांनी उभारलेली संस्था म्हणून अमरावतीच्या तपोवनाचा विचार करावा लागतो. डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन हे अमरावतीतील होमिओपॅथीचे डॉक्टर व स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्ते. १९४६ मध्ये त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली आणि शहराबाहेरच्या माळावर श्री जगदंबा कुष्ठनिवास, म्हणजे तपोवन, आकाराला आले. तत्पूर्वी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी असेच काम आरंभिले होते, आणि पुढे वरोऱ्यास बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. विदर्भात दीड दशकाच्या आत असे तीन प्रयत्न व्हावेत हा योगायोग नव्हे. गांधीविचाराचा प्रभाव हे त्याचे एक कारण सर्वमान्य आहे.

तपोवनाविषयी लिहिताना सेवा, त्याग, करुणा यांवर भर देण्याचा प्रघात आहे. १९५९ मध्ये डॉ. पटवर्धनांना पद्मश्री मिळाली तेव्हाही गौरव झाला तो मुख्यतः या गुणांचा. त्यात वावगे काही नाही. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर तपोवनाचे वेगळेपण अन्यत्र दिसते. शेती, विणकाम, सुतारकाम यांत गुंतलेले रुग्ण तेथे नव्या रुग्णाच्या प्रथम दृष्टीस पडत. त्याच्यासारखीच बोटे असलेली, त्याच्यासारखेच पाय असलेली माणसे उभी राहून काम करीत आहेत, हे तो पाहात असे. दवाखान्यात आपले काय होणार या प्रश्नाचे उत्तर त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे लागत नव्हते, ते समोर चालत-बोलत होते. कोंडवाड्याचे भय घेऊन आलेल्या माणसाला याहून प्रभावी पुरावा कोणता देता आला असता?

मिशनरी संस्था असो वा गांधीवादी, कुष्ठवसाहतीने रुग्णाला समाजापासून दूर ठेवण्यास हातभारच लावला, असा एक आक्षेप अभ्यासक घेतात. तो अगदीच निराधार नाही. १८९८ चा तो कायदा केंद्राच्या पुस्तकातून अधिकृतपणे हटण्यास २०१६ उजाडले, यावरून समाजमनाची गती कळते. तथापि भयाच्या प्रश्नापुरते बोलायचे तर तपोवनाने एक गोष्ट निःसंशय साधली. वेदना जे काम करू शकत नव्हती ते काम तेथे दुसऱ्या रुग्णाच्या सहवासाने केले.

सोबतीचा प्रश्न

सोबतीचे हे मर्म वऱ्हाडातील आणखी एका पुरुषाने ओळखले होते, आणि तो डॉक्टर नव्हता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले संत गाडगेबाबा पूर्णेकाठी ऋणमोचनच्या यात्रेत जमणाऱ्या कुष्ठरुग्णांना व अपंगांना अन्नवस्त्र देत. त्यांच्या उपदेशात नवस-सायास व पशुबळी यांचा निषेध आहे आणि रोग्याला औषधोपचार मिळवून देण्याला धर्मकृत्याचे स्थान आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य धर्मशाळांचे. १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभी राहिली. त्यांच्या पश्चात, त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला चालवलेली धर्मशाळा टाटा रुग्णालयातील कर्करुग्णांचा आधार झाली.

धर्मशाळेला आपण सहसा दानधर्माच्या सदरात टाकतो. ती आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे. रुग्णालयात जायला नकार देणारा माणूस अनेकदा शस्त्रक्रियेला घाबरलेला असतो तितकाच आपल्यासोबत येणाऱ्याच्या हालांना घाबरलेला असतो. बायको कुठे निजेल, पोरगा काय खाईल, किती दिवस लागतील. या प्रश्नांची उत्तरे न मिळाल्याने तो 'मला काही झालेले नाही' असे म्हणतो. खराटा हाती घेऊन गावे झाडणाऱ्या या लोकशिक्षकाने भयाचा हा भाग नेमका हेरला होता.

या संदर्भात प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातील एक उदाहरण नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. लेखकाचे मामा मूर्तिजापूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पायात पऱ्हाटीचा खुंट रुतला. दहा-बारा दिवसांत अंगठा काळा पडला. ते दुखत नसल्याचे सांगत राहिले आणि ते खरेही होते. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय पूर्वी एका रुग्णालयात कापावा लागला होता आणि चौथ्या दिवशी ते वारले होते. मामांना दोनदा गाडीत बसवून नेले. दोन्ही वेळा फाटकाशी पोचल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि ते परत फिरले. घरच्यांनी समजावले, रागावले, मामी रडल्या. कशाचा उपयोग झाला नाही. अखेर गावातीलच एक वृद्ध गृहस्थ घरी आले. त्यांची दोन बोटे काही वर्षांपूर्वी काढलेली होती. त्यांनी चप्पल काढून आपला पाय मामांसमोर ठेवला आणि म्हणाले, "हे पाय. याच पायानं चालत आलो तुह्याकडं. मी येतो संगं." मामांनी एकच अट घातली, मला विचारल्याशिवाय काही कापायचे नाही. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि काय काढावे लागेल, काय वाचेल, हे कागदावर पायाचे चित्र काढून दाखवले. दोन बोटे गेली. पाऊल राहिले.

डॉक्टरांचे ते चित्र आणि त्या वृद्धाचे पाऊल, या दोहोंनी मिळून जे केले ते घरच्यांच्या सदिच्छेला जमले नव्हते. घरचे लोक मामांना 'घाबरू नका' असे सांगत होते. वृद्ध गृहस्थांनी तसे एकदाही म्हटले नाही. त्यांनी भय खोटे ठरवले नाही, त्या भयाला दुसरा शेवटही असू शकतो एवढेच दाखवले.

आजची स्थिती आणि इतिहासाची साधने

पैशाचा अडसर गेल्या काही वर्षांत काही अंशी कमी झाला आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. पुढे ती राज्यभर लागू होऊन २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. अंतर, खर्च आणि वाहन ही तीन कारणे अशी क्षीण होत असताना चौथे कारण, म्हणजे भय, अधिक स्पष्ट दिसू लागले आहे. पूर्वी ते इतर तिघांच्या आड लपून होते.

पायांविषयी जागृतीचे प्रयत्नही झाले आहेत. २००५ चा जागतिक मधुमेह दिन पायांच्या निगेला वाहिलेला होता, आणि मधुमेही पायावर दीर्घकाळ काम करणाऱ्या भारतीय तज्ज्ञांमध्ये नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मात्र बहुतेक भित्तिपत्रकांवर काळवंडलेल्या, कापलेल्या पायांची छायाचित्रे असतात. आधीच घाबरलेल्या माणसाला ती आणखी दूर लोटत असावीत अशी प्रस्तुत लेखकास दाट शंका आहे. बोटे गमावूनही शेतात उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र त्यांवर क्वचितच दिसते.

हा इतिहास लिहिण्याची साधने कोणती, हा प्रश्न शेवटी उरतो. जिल्हा गॅझेटिअरमध्ये दवाखान्यांची संख्या, खाटा व रुग्णांचे आकडे सापडतात. त्यांत दाराशी येऊन परत फिरलेला माणूस नसतो. तो सापडला तर दोन ठिकाणी सापडेल. एक, रुग्णालयातील केसपेपर. त्यावर तक्रार किती दिवसांपासून आहे हे लिहिलेले असते, आणि एवढ्या एका आकड्यावरून पन्नास वर्षांतील विलंबाचा आलेख मांडता येईल. असे जुने कागद मुदत संपली की रद्दीत निघतात. दोन, तपोवनातील वृद्ध रहिवासी आणि गावोगावची बोटे गमावलेली माणसे. त्यांच्या मुलाखती वऱ्हाडी बोलीतच, त्यांच्या शब्दांत, ध्वनिमुद्रित करण्याचे काम अमरावती व अकोला येथील इतिहास, मराठी व गृहविज्ञान विभागांना एकत्र येऊन करता येण्यासारखे आहे. विचारायचा प्रश्न मात्र 'उशीर का केला?' हा नसावा. 'शेवटी कोण संगं आलं होतं?' असे विचारले, तर माणसे बोलू लागतात.